समासात लिहिलेली वाक्ये

मी, श्रीमती वच्छलाबाई रुपचंद बोरसे, वय वर्षे त्रेसष्ट, व्यवसाय घरकाम व वाचन, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाबणारे पुष्कळ होते. त्यातले काही वारले, एक बाहेर ओट्यावर मोसंबी सोलत बसला आहे. तो माझा मुलगा अभिमन. आई मृत्युपत्र करणार हे कळल्यापासून महिनाभर तो रोज फळे आणतो आणि बायकोवर हात उचलत नाही. माझ्यानंतरही तो हात खालीच राहावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

वकील बन्सीलाल यांनी भाषा आवरती ठेवा असे बजावले आहे. कायद्याचे शब्द त्यांचे, बाकीचे माझे.

कलम १. माझ्याजवळ इंग्रजी कादंबऱ्यांची एकेचाळीस पुस्तके आहेत. सगळी साहेबाच्या काळातली, जाडजूड. १९८० साली एका वाचनालयाने ती रद्दीत काढली, तेव्हा पुस्तकबांधणी करणारे नूर महंमद यांच्या दुकानातून मी ती दोन फेऱ्यांत घरी आणली. माझे शिक्षण भडगावला इंग्रजी तिसरीपर्यंत. पुढे लग्न झाले आणि पन्नाशीपर्यंत इंग्रजी फक्त औषधाच्या बाटलीवर पाहिले. मग हट्टाने बसले. रोज एक पान, पानातले दहा अवघड शब्द, शब्दकोशात अर्थ. आमचे भडगावचे मास्तर सांगत की शब्द पक्का करायचा तर तो आपल्या घरच्या वाक्यात घालावा. मी तेच केले. शब्दाखाली रेघ, शेजारी समासात तारीख आणि इंग्रजीत एक वाक्य. घरचे वाक्य म्हणजे त्या दिवशी घरात जे घडले ते. घरात दुसऱ्या कोणाला इंग्रजी येत नव्हते, त्यामुळे मी बिनधास्त खरे लिहीत गेले.

त्या कादंबऱ्यांत मारण्याला भारी शब्द आहेत. थ्रॅश, फ्लॉग, कजल, ब्लजन. चाबकाने मारले तर निराळा, सोट्याने मारले तर निराळा. आपल्याकडेही बदडणे, बुकलणे, धोपटणे, तुडवणे आहेच, म्हणून मला फरक लगेच कळे. इतर बायकांना ज्या शब्दासाठी आठवडा लागला असता, तो मला एकाच संध्याकाळी पाठ होई.

माझे यजमान कै. रुपचंद बोरसे यांचे आग्रा रोडवर दोन ट्रक होते. त्यांना माझे वाचन खपत नसे. त्यांनी चार वेळा पुस्तके मधोमध फाडली आणि चारही वेळा नूर महंमद यांनी ती शिवून दिली. कशी फाटली असे त्यांनी एकदाही विचारले नाही, मजुरीही घेतली नाही. त्यांची मुलगी जुबेदा कॉलेजात आहे. माझा मोठा शब्दकोश तिला द्यावा. त्यावर रक्ताचा डाग आहे, तो माझ्या नाकाचा आहे. तिने घाबरू नये.

कलम २. माझी नणंद इंदिराबाई, राहणार चाळीसगाव, हिला माझ्या स्वयंपाकघरातला वरवंटा द्यावा. १९८२च्या फेब्रुवारीत यजमानांनी माझा उजवा हात ओट्यावर ठेवून त्याच वरवंट्याने दोन बोटे ठेचली. मनगट इंदिराबाईने दाबून धरले होते. बोटे पुन्हा वळली नाहीत. तेव्हापासून मी डाव्या हाताने लिहिते आणि या कागदावरची सहीही डाव्या हाताचीच आहे. पाटा मात्र तिला देऊ नये, तो कामाचा आहे.

कलम ३. यजमान लकव्याने दोन वर्षे खाटेवर होते. त्यांचे सगळे मी केले. त्या काळात मी त्यांना तीन वेळा मारले, दोनदा हाताने आणि एकदा चपलेने. त्यांना हलता येत नव्हते. त्या तारखांची वाक्येही समासात आहेत आणि कर्ता मी आहे. त्याचे मला वाईट वाटते. चपलेचे जास्त वाटते.

कलम ४. चिरंजीव अभिमन यास वडिलांचा धंदा आधीच मिळाला आहे. वडिलांचा हातही मिळाला आहे. १९८७ साली त्याचे लग्न झाले. सून प्रमिलाबाई सातवी शिकलेली, माहेर पारोळ्याकडचे, आवाज हळू. लग्नाला दोन महिने होत नाहीत तोच शेजारच्या खोलीतून मला ओळखीचे आवाज येऊ लागले. मी काय केले ते शपथेवर लिहिते. मी पुस्तक उघडले, पेन घेतले आणि वाक्य लिहिले.

सहा वर्षे मी वाक्ये लिहिली. पट्टा, स्टुलाचा पाय, गरम उलथने. १९८९च्या सप्टेंबरात त्याने तिच्या पोटात लाथ घातली आणि पाचव्या महिन्यातले मूल गेले. त्या दिवशी ती भिंतीपलीकडे कण्हत होती आणि मी अलीकडे शब्दकोशात नेमका शब्द शोधत होते. अर्धा तास शोधला. सापडला. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. इतका शोधलेला शब्द आजही मला पाठ आहे, याची किळस येते.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अभिमनने तिला माहेरी जाऊ दिले नाही. गल्लीत झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या आणि ही सुजलेला गाल पदराने झाकून माझ्यासमोर बसली. तुम्ही रोज पुस्तकात काय लिहिता, असे तिने विचारले. मला वाटले, तिला सांगितले तर बरे वाटेल. कोणीतरी नोंद ठेवली म्हणून ती माझे पाय धरील. मी तिला सहा वर्षांची वाक्ये मराठीत वाचून दाखवली, तारखांसकट. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "बठ्ठं लिखी ठेवं तुम्ही, अक्का. मंग दार काबरं नही उघाडं?"

दार का उघडले नाही, याचे उत्तर मला एकेचाळीस पुस्तकांत सापडले नाही. दोन दिवस मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी आवाज आला तेव्हा पेन टाकले आणि दार उघडले. अभिमनच्या हातात ट्रकचा पाना होता. तिच्यासाठी उगारलेला तो माझ्या खांद्यावर बसला आणि गळ्याजवळचे हाड मोडले. मी मध्ये का आले असे त्याने विचारले, "आई, तू मधमा कसाले उनी?" मी खाली पडल्या पडल्या म्हटले, "उशिरा उनी, म्हणीसन."

तेव्हापासून आजपर्यंत मी त्या दोघांच्या मध्ये असते. चहाला मध्ये, जेवायला मध्ये. पण हाडे जुनी झाली आहेत आणि डॉक्टर म्हणतात, छातीचाही भरवसा नाही. मी गेल्यावर तिच्यापुढे कोण उभे राहणार, हा एकच प्रश्न मला उरला आहे.

कलम ५. ज्या तीन पुस्तकांच्या समासात अभिमनच्या तारखा आहेत, ती वकील बन्सीलाल यांच्या ताब्यात दिली आहेत. कोर्टात ती किती टिकतील हे त्यांना सांगता येत नाही. पोलिसांना वाचायला लागलीच तर मराठी भाषांतर सोबत ठेवले आहे. बाकीची अडतीस पुस्तके प्रमिलाबाईची. दुपारी ती माझ्याकडे इंग्रजी शिकते. दहा शब्द तिला जड जातात, सहा घेते. माझी वाक्ये उतरवून घ्यायला तिने साफ नकार दिला. माझी मी करीन म्हणाली. तिच्या वाक्यांत अजून चुका फार आहेत, पण बहुतेक वाक्यांत कोणीतरी एसटीत बसून कुठेतरी जात असते.

कलम ६. घर. हे घर माझ्या माहेरच्या वाट्याची जमीन विकून माझ्या नावाने घेतलेले आहे. त्यावर यजमानांचा हक्क नव्हता, अभिमनचाही नाही. तो ज्या कलमाची वाट पाहत बाहेर बसला आहे, ते हेच.

मी हे घर या मृत्युपत्राने प्रमिलाबाईला देणार होते. बन्सीलाल वकिलांनी समजावले की मृत्युपत्र मी मेल्यावरच लागू होते, आणि तोवर ते कितीही वेळा बदलता येते. मी घरी येऊन विचार केला. बदलता येते म्हणजे अभिमन ते बदलवायला बसणार, आणि ते बदलेपर्यंत मार कोण खाणार, हे मला पक्के ठाऊक आहे. शिवाय मी मरेपर्यंत तिने थांबावे, असे म्हणणे म्हणजे पुन्हा भिंतीअलीकडे पेन घेऊन बसणेच झाले.

म्हणून गेल्या शुक्रवारी, दि. १९ नोव्हेंबरला, मी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत बक्षीसपत्र नोंदवले. प्रमिलाबाई सोबत होती. भाजी आणायला जातो असे सांगून आम्ही दोघी निघालो होतो, आणि येताना भाजीही आणली. घर त्याच दिवसापासून तिच्या मालकीचे आहे. तेव्हा या मृत्युपत्रात घर नाही. मला राहू देशील का, असे मी रिक्षात तिला विचारले. तिने भाजीची पिशवी पायाशी नीट ठेवली. मग "ऱ्हा" म्हणाली.

अभिमन, हा कागद मी मेल्यावर वाचला जावा असा रिवाज आहे, पण सही झाली की तो मी आजच तुला वाचून दाखवणार आहे. साक्षीदार त्यासाठीच थांबले आहेत. तू ज्या ओट्यावर बसला आहेस तो तुझ्या बायकोचा आहे. मी तिला विचारून राहते. तूही आत येण्याआधी विचार.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला आणि साक्षीदारांदेखत, ते पाहत असताना, खाली सही केली.

(सही) वच्छलाबाई रुपचंद बोरसे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. मुख्तार शेख, अस्थिरोगतज्ज्ञ, धुळे
२. (सही) सुनंदाबाई धनसिंग देवरे, शेजारीण, देवपूर

स्थळ: धुळे
दिनांक: २२ नोव्हेंबर १९९३, सोमवार