मोटार अपशकुनी नव्हती

शहादेव,

मोटार चालू झाली! हे आईला मोठ्यानं वाचून दाखव.

तुझी वहिनी या मोटारीतून दवाखान्यात गेली ती परत आली नाही, तेव्हापासून गाव मोटारीला अपशकुनी म्हणत होतं. त्यात दसऱ्याला ती बंद पडली, म्हणून मालक आज विकणार होते. मी गेवराईच्या मिस्त्रीचं मीटर मागून आणलं. बॅटरीच्या दोन टोकांना लावलं, तर काटा पुरा चढला. मीटरची एक तार बॅटरीवरून काढून मोटारीच्या सांगाड्याला लावली, तर काटा हालेना. म्हणजे बॅटरीची तार सांगाड्याला लागतच नव्हती. बोल्ट काढला, तर खाली रंगाचा जाड थर! खंडेनवमीच्या पूजेसाठी तार सोडून सांगाडा मीच रंगवला होता. तेव्हा माझं ध्यान कशातच नव्हतं. रंग खरवडला, तार आवळली, मोटार पहिल्या झटक्यात सुरू.

मालक म्हणाले, "काय रं, भूत उतरलं का?"

"भूत न्हाई मालक, रंग हाय."

ते लई हसले. आता विकणार नाहीत.

मी मालकिणीला उमापूरला सोडून येतो. आईला सांग, वत्सला तापानं गेली, मोटारीनं नाही. संध्याकाळी वेशीत थांब म्हणावं, मोटारीत बसवून घरी आणतो. मालकांना विचारलंय.

उत्तरेश्वर