दाढेकडे जाणारी गाडी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (गुडघा वाकू देतो तेवढा). तुझी कंबर काय म्हणते? भाऊजींचा खोकला गेला का? इकडे सगळे खुशाल, एक नातीची दाढ सोडून.

पिल्लूच्या मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसला आणि पोर एकाच गालानं चावू लागली. सूनबाई म्हणाली, "दुधाचे दात आहेत बाबा, पडणारच. गळणाऱ्या पानाला कुणी इस्त्री करतं का?" उपमा इतकी फक्कड की मी ती वहीत उतरवून घेतली. (चांगल्या उपमेपुढे शाळेपासून माझं कधी काही चाललेलं नाही.) पुढं बालवाडीत दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आयांची सभा ठेवली. सूनबाईची बसस्थानकावर गाड्या पुकारायची ड्यूटी, म्हणून आईच्या जागी मी. बसायला मुलांच्या खुर्च्या! मी उठलो तेव्हा खुर्चीही माझ्याबरोबर उठली. बाईंनी विचारलं, मुलांचे दात कोण घासतं? आया कौतुकानं म्हणाल्या, "आमची स्वतःच घासते की!" बाई म्हणाल्या, जिला बुटाची नाडी बांधता येत नाही, तिच्या हाती ब्रश देऊन मोकळ्या होऊ नका. आणि दुधाची दाढ मूल दहा-अकरा वर्षांचं होईपर्यंत लागते. किडली तर ठणकते, मागून येणाऱ्या दाताचीही वाट लावते.

घरी येऊन हे सांगितलं, तसा सूनबाईचा चेहराच उतरला. तिनं लगेच दाढ भरायची वेळ ठरवली, घासायचं काम मी मागून घेतलं. दोन मिनिटं घासायचं, तर तेवढा वेळ माझी चांदण्यावरची कविता म्हणावी म्हटलं! दुसऱ्या कडव्याला मीच स्वतःला वाहवा दिली, तिसऱ्याला मी खिडकीबाहेर हरवलो, चौथ्याला पाहतो तो पिल्लू तोंडात ब्रश धरून गाढ झोपलेली. सूनबाईनं तिला उठवलं आणि स्थानकावरच्या सुरात पुकारा केला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, मागच्या दाढेकडे जाणारी गाडी लागलेली आहे!" कार्टीनं पडजीभ दिसेल एवढा आ केला. आता रोज तीच गाडी सुटते. ना छंद, ना यमक, दात मात्र लखलखीत.

तुझा,
धाकटा

ता. क. दाढ काल भरली. पण आधी आजोबा खुर्चीत बसले तरच, असा पिल्लूचा हट्ट. बसलो, आ केला. डॉक्टरीणबाईंनी आत पाहिलं आणि मदतनीस बाईंनाही पाहायला बोलावलं. पिल्लू हूं की चूं न करता सुटली. माझे तीन दात मंगळवारी काढायचे आहेत.

आणखी ता. क. येत्या मंगळवारी तू येच. हात धरायला पिल्लू तयार आहे, पण तिची अट आहे, रडायचं नाही. ती अट मला झेपणार नाही.