दादाचं शेवटचं जेवण

आई,

आपल्या रीतीप्रमाणे इथूनच गुडघे टेकून, टाळ्या वाजवून तुझी खुशाली विचारतो. मी बरा आहे. मक्याच्या पिठाचा साडझा पोटभर मिळतो. तुझा खोकला कमी झाला का?

पुढच्या आठवड्यात एक परदेशी पाहुणा रानरेड्याच्या शिकारीला येतोय. वाट कोणती, तंबू कुठे, हे मी आणि शिकारी मुडेंडा ठरवतो आहोत. अशाच शिकारीत दादा गेला तेव्हा बंदूक घेऊन त्याच्याबरोबर हाच होता.

काल नकाशा पाहताना तो आपणहून म्हणाला, “मी शेवटपर्यंत जवळ होतो रे. दुपारी झाडाखाली बसून दोघांनी रेड्याचं सुकं मांस खाल्लं. मग माझं न ऐकता गडी जखमी जनावरामागे गवतात शिरला.”

“दादाने खाल्लं?”

“मागून मागून,” तो हसला. “भारी खवय्या तुझा भाऊ.”

आई, रेडा आपलं देवक. दादाने ते मांस कधी तोंडाला तरी लावलं होतं का?

मी नकाशावर वाट आखत राहिलो. मुडेंडा खरंच जवळ होता, की त्याने दादाला एकट्यालाच गवतात धाडलं, हे मला कळायला हवं. म्हणून या खेपेला माग काढायला मीही जातोय. काळजी करू नकोस. मी मुडेंडाच्या मागेच चालेन, पुढे नाही.

धाकट्या काकांना माझा नमस्कार सांग.

तुझा उरलेला मुलगा,
ताफारा