नेलकटरने सोडवलेला रोबोट

पप्पा,

तुम्ही झोपला आहात म्हणून लिहून जातेय, नाहीतर समोरच बोलले असते. माझं रोबोटचं नवं किट तुम्ही कोणाला विचारून उघडलंत? आणि बिरड्याचे वाल सोलावेत तसे सगळे तुकडे सुटे करून डब्यात भरलेत! अहो, नंबर तुकड्यांवर नसतात, ते ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकलेले असतात तिच्यावर असतात. एका वेळी एकच भाग जोडायचा आणि त्याला लागतील तेवढेच तुकडे कापायचे. आता गुडघा कुठला आणि कोपर कुठलं, मी कसं ओळखू?

वर नेलकटरने तुकड्याला अगदी चिकटून कापलंत, म्हणून सगळीकडे पांढरे डाग पडलेत. आधी थोडं लांबून कापायचं, मग उरलेलं टोक हळूच काढायचं. आणि ते फेव्हिक्विक कपाटात ठेवा. हे तुकडे नुसते दाबून बसतात. चिकटवले तर सांधे कायमचे आखडतील.

आई आपट्याला गावी निघताना सांगत होती, नेलकटर तुम्ही उजव्या हाताने चालवत होतात. पॅरालिसिसचा झटका आल्यापासून डॉक्टरांनी दिलेला बॉल त्या हाताने एकदा तरी दाबलात? रोज सकाळी मी तुमच्या शर्टाची बटणं लावते, तेव्हा तोच हात मांडीवर टाकून भिंतीकडे बघत बसता!

मी ऑफिसला चाललेय. शर्ट खुर्चीवर ठेवलाय. बटणं तुमची तुम्ही लावा.

मिताली