पाच वाजताची मोजणी

दि. ३ नोव्हेंबर

चि. भिंगरीस, आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खालच्या मजल्यावरच्या तारमास्तरांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं, एकदा माझ्यासाठी आणि एकदा स्वतःच्या हौसेसाठी. हे पत्रही तेच लिहून घेतायत. जन्मभर तारा पाठवल्यामुळे त्यांना शब्द कापायची खोड आहे. मी ‘पोटभर आशीर्वाद’ सांगितलं तर म्हणाले, नुसतं ‘आशीर्वाद’ पुरे. मी म्हटलं, तार नाही ही, माझी नात आहे. लिहा गुमान.

तर तू शाळेच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्गाची प्रमुख झालीस. म्हणजे आया कामावर जाताना पोरं तुझ्या स्वाधीन करणार, तू ती शाळेत सोडणार, आणि शाळा सुटली की पुन्हा गोळा करून संध्याकाळपर्यंत राखणार. याला प्रमाणपत्र लागतं हे ऐकून मला ठसका लागला. मी हेच अकरा वर्षं केलं, गल्लीतल्या एका खोलीत, आणि माझं प्रमाणपत्र म्हणजे माझ्या बाहीला पुसलेली शेंबडी नाकं.

तू मुलं मोजतेस कशी, ते कळव. मला अक्षर येत नाही, म्हणून माझी हजेरी बटणांची. प्रत्येक पोराचं एक बटण ठरलेलं. पोर आलं की बटण डब्यातून वाडग्यात, घरी गेलं की वाडग्यातून परत डब्यात. वाडगं रिकामं झालं की दार लावायचं. अकरा वर्षांत माझी एकही चूक झाली नाही, असं तुझी आई सगळ्यांना सांगते. सांगू दे बापडीला.

मास्तर आता शब्द मोजायला लागलेत, तेव्हा थांबते. लोभ आहे तो वाढवलास तर मी तक्रार करणार नाही.

तुझी आजी
(अक्षर मास्तरांचं, खालचा निळा अंगठा माझा)


दि. ९ नोव्हेंबर

ती. आजीस, भिंगरीचा सा. न. वि. वि.

तारमास्तरांनाही नमस्कार. त्यांनी वाचताना काही गाळू नये ही विनंती.

आमची खोली म्हणजे शाळेच्या मागच्या बाजूचा एक लांबट हॉल. सकाळी सातला दार उघडते तेव्हा फरशी इतकी गार असते की मुलं बाकावर पाय वर घेऊन बसतात. अर्धी झोपेतच असतात. कुणाची चेन लाव, कुणाचा हरवलेला मोजा शोध, दूध-पाव दे, असं करत साडेआठला त्यांना वर्गावर पोचवते. तीनला परत येतात ती मात्र दुसरीच मुलं असतात, रंगांनी माखलेली आणि सगळं एकदम सांगायला निघालेली. संध्याकाळी न्यायला आलेल्या माणसाने वहीत सही केल्याशिवाय मूल दाराबाहेर जात नाही. आणि दर तासाला मोजणी. नुसती नजरेने नाही, प्रत्येक डोक्यावर हात ठेवून.

आजी, तिथेच घोडं अडलंय. वहीत मुलं एकोणीस. तीनला मोजते, एकोणीस. चारला एकोणीस. पाचला, कुणीही घरी जाण्याआधी, वीस. रोज. माझ्यासोबतची चित्रकलेची ताई मोजते तेव्हा एकोणीसच येतात. मी पुन्हा मोजते, आणि माझ्या हाताखालून वीस डोकी जातात. विसावं कुणाचं म्हणून मागे वळून बघते तर सगळी ओळखीची.

बुटांच्या मांडणीजवळ दाराला लागून एक बाक आहे. त्याच्या टोकाशी मुलं जागा सोडून बसतात. मी कधी तसं सांगितलेलं नाही. एक मुलगा कानटोपी कधी काढत नाही, म्हणून सगळे त्याला टोपीच म्हणतात. त्याला विचारलं तर म्हणाला, तिथे ती बसते, जिचे बूट उलट्या पायांत असतात. ती कुणाला ते नीट करू देत नाही.

मुख्याध्यापिकांच्या कानावर गेलंय. त्या म्हणाल्या की चुकलेली मोजणी म्हणजे न केलेली मोजणी. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी त्या स्वतः पाचला येऊन माझ्यासमोर मोजणार. माझा आकडा जुळला नाही तर मुलं दुसऱ्या कुणाच्या हाती देणार. आजी, हे काम मला जिवापाड आवडतं. पण माझ्या हातात मुलं सुखरूप आहेत की नाहीत, हे आता माझं मलाच सांगता येत नाही.

तब्येत सांभाळ. माया आहे तशी असू दे.

तुझी,
भिंगरी


दि. १३ नोव्हेंबर

चि. भिंगरीस, अ. आ. वि. वि.

आज मास्तरांना शब्द कापायची गरज पडणार नाही. मला फार बोलायचं नाही.

त्या टोपीला विचार, तिच्या डाव्या डोळ्याखाली तीळ आहे का. गंमत करतेयस असं दाखवून विचार, बाकीच्या पोरांसमोर नको. आणि तोवर ते बाक हलवू नकोस, त्यावर दप्तरं ठेवू नकोस, तिला कुणी हटकायचं नाही.

माझे गुडघे बरे आहेत. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगते.

आजी


दि. १७ नोव्हेंबर

ती. आजीस, सा. न. वि. वि.

आहे. मी विचारलं तेव्हा टोपी मातीचा साप वळत होता. मान वर न करता त्याने आपल्या डाव्या डोळ्याखाली बोट टेकवलं, तिथे मातीचा ठिपका उमटला, आणि तो पुन्हा साप वळायला लागला.

तुला कसं ठाऊक? आईला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, आजीच्या हातून कधी काही चुकलं नाही, तू भलतं मनात आणू नकोस. आजी, सोमवार जवळ आलाय. काय ते मला सांग.

भिंगरी


दि. २० नोव्हेंबर

चि. भिंगरीस, आशीर्वाद. वि. वि.

मास्तरांना आधीच बजावलंय की मध्ये थांबायचं नाही, आणि माझ्याकडे बघायचंही नाही.

तिला मी ठिपकी म्हणायची. चार वर्षांची. बटण लाल. तिची आई इस्पितळाच्या धुलाईत चादरी धुवायची, हात कायम सुरकुतलेले. पाच वाजले की ठिपकी आपले आपण बूट चढवायची, नेमके उलटे, आणि उंबऱ्याशी जाऊन बसायची. आई यायची सहाला. मी म्हणायची, अगं तासभर आहे अजून. पण ती कुठली ऐकतेय.

गल्लीतल्या एकाही बाईला मी निरक्षर आहे हे माहीत नव्हतं. त्या तोंडी सांगायच्या, मी लक्षात ठेवायची. एका सकाळी एक तान्हं माझ्या खांद्यावर ओकत होतं, दुसरं रडत होतं, तेवढ्यात ठिपकीच्या आईने माझ्या हातात घडी घातलेला कागद दिला. डोळे सुजलेले होते. म्हणाली, निवांत वाचा आणि तेवढं कराल ना. मी मान डोलावली.

दुपारी कुणाकडून तरी वाचून घेऊ म्हटलं. पण कुणाकडून? शेजारणीला विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं की हिला वाचता येत नाही आणि आपण हिच्याकडे पोरं ठेवतो. पाच वाजले, आणि ठिपकीचा बाप दारात आला. वेगळा राहायचा तो, पण पोरगी त्याला ओळखत होती. ती उठेना. रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत राहिली, आई यायची त्या बाजूला. शेवटी त्याने तिला उचलून नेलं. मी लाल बटण डब्यात टाकलं.

सहाला आई आली. रिकाम्या वाडग्याकडे बघितलं आणि मला विचारलं, तुम्ही तिला सांगितलंत ना? मी म्हटलं, हो. तिने विचारलं, मग काय म्हणाली? मी म्हटलं, हसली.

भिंगरे, काय सांगायचं होतं ते मला आजतागायत माहीत नाही. त्या बाईने माझे दोन्ही हात घट्ट धरले आणि ती गेली. आठवड्याने तिची खोली रिकामी झाली.

तो कागद मी तुझ्या आजोबांनाही कधी दाखवला नाही. वाचला असता तर मी काय सांगितलं नाही ते कळलं असतं. बटणांच्या डब्यात तळाशी ठेवला, आणि वर बटणं पडत गेली.

ठिपकी गेली असं मी म्हणत नाही. कुठेतरी पन्नाशीची बाई असेल, सुना-जावयांना धारेवर धरत असेल. पण पाच वाजता दाराशी बसणारी जी पोर होती ती उठलीच नाही. माझ्या दारात पोरं यायची बंद झाली, आता आपल्या घरातलं दुसरं दार, तुझं, उघडलंय, तिथे येऊन बसली.

कागद सोबत धाडते. मास्तरांना वाचू दिलेला नाही. बाक तुझ्याकडे आहे, तेव्हा तूच वाच.

आजी


दि. २४ नोव्हेंबर

ती. आजीस, सा. न. वि. वि.

घड्यांवर कागद फाटत आलाय, पण अक्षर स्पष्ट आहे. जसंच्या तसं उतरवते. तारमास्तर, सावकाश वाचा.

“ताई, आज तिचे बाबा येतील. तिला त्यांच्याबरोबर जाऊ द्या. मला हे तोंडाने सांगवत नाही. जाण्याआधी तिला एवढंच सांगा, आईने तुला टाकलेलं नाही. उशीर होईल, पण आई तुला न्यायला येईल. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल.”

बाप घेऊन गेला ते बरोबरच होतं, आजी. तू चुकीच्या हातात दिलं नाहीस.

शुक्रवारी मुलं मैदानात असताना मी त्या बाकासमोर उकिडवी बसून हे मोठ्याने वाचलं. नंतर मुलं आत आली, पाच वाजले, मोजलं. वीस. मग लक्षात आलं की चिठ्ठीत ‘तुम्ही सांगितलंत तर’ असं आहे, आणि त्यातली ‘तुम्ही’ मी नाही.

सोमवार परवाच आहे, म्हणून हे पत्र टपालात न टाकता आजच्या गाडीने तिकडे येणाऱ्या माणसाच्या हाती पाठवतेय.

भिंगरी


दि. २५ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

हे पत्र मास्तर तारेसारखं लिहितायत आणि आज मी भांडत नाही. चिठ्ठीतली शेवटची ओळ वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला. तुझं पत्र आणणाऱ्याच्याच हाती हे परत धाडते, मी उद्या दुपारच्या गाडीने येते. मास्तर पोचवायला आहेत. पाठ टेकेल अशी खुर्ची नको. मी बाकावरच बसेन.

आजी


दि. २९ नोव्हेंबर

ती. आजीस, सा. न. वि. वि.

तू लगेच रात्रीच्या गाडीने परत गेलीस, म्हणून मी पाहिलं तेवढं लिहिते.

पाचला दहा कमी असताना तू बाकावर त्या मोकळ्या जागेशेजारी बसलीस आणि मला हाताने लांब व्हायला सांगितलंस. मुलं रंगात हात बुडवून कागदावर ठसे उमटवत होती, त्यामुळे तुझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, टोपी सोडून. तू खाली वाकलीस. तुझ्या गुडघ्यांना वाकणं होत नाही, तरी वाकलीस. फरशीपासून वीतभर उंचीवर तुझे हात हलत होते. एक काढलं, दुसरं काढलं, अदलाबदल केली, बंद बांधले. लहान मुलाच्या पायांत आपण घालतो तसे. मग तू तिच्या कानाशी लागून काहीतरी म्हणालीस. ते ऐकू आलं नाही. ऐकायचंही नव्हतं.

मुख्याध्यापिकांनी मोजलं, एकोणीस. मी मोजलं, प्रत्येक डोक्यावर हात ठेवून. एकोणीस. त्यांनी वहीवर शेरा लिहिला आणि जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं. मुलं माझ्याकडेच राहिली, आजी.

काल आणि परवाही एकोणीस. मुलं आता बाकाच्या टोकापर्यंत दाटीवाटीने बसतात. टोपीला विचारलं, ती कुठे गेली? त्याला माझ्या अज्ञानाचं नवल वाटलं. म्हणाला, ती तुझ्या आजीचं बोट धरून गेली की. सहीपण केली आजीने.

मी वही उघडली. सोमवारच्या पानावर एकोणीस सह्या आहेत. त्यांच्या खाली, विसाव्या ओळीवर, निळ्या रंगाचा अंगठा आहे.

आजी, तू कुणाला घेऊन गेलीस?

तुझी,
भिंगरी


दि. ४ डिसेंबर

चि. भिंगरीस, आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुमचा नियमच तसा आहे ना, की सही झाल्याशिवाय पोर दाराबाहेर जात नाही? मग. इतकी वर्षं तिच्या नावाने कुणी सही केली नव्हती, म्हणून अडकून पडलेली. अंगठा चालत असेल तर तुझ्या मुख्याध्यापिकांना दाखव, नसेल तर पान चिकटवून टाक.

आमचं इथे बरं चाललंय. पाच वाजले की मी दार उघडून उंबऱ्याशी बसते. मास्तर विचारतात, एकट्याच बसता गारठ्यात? मी हो म्हणते. मास्तर हे लिहिताना दाराकडे बघतायत. बघू देत. बूट आता सरळ पायांत असतात. रस्त्याच्या टोकाकडे बघायचं मात्र तिने सोडलेलं नाही, आणि मी तिला थांबवत नाही. उशीर होईल पण येईल असं मी सांगितलंय, आणि यावेळी मला माहीत आहे मी काय सांगितलं ते.

तिला मी म्हटलं, तुला आधी नेतात की मला, बघू या. त्यावर ती हसली. हे हसणं खरोखरचं.

तू येशील तेव्हा दारातलं वाडगं उचलून ठेवू नकोस. सध्या त्यात दोन बटणं आहेत, एक लाल आणि एक माझं.

माया असू दे, आणि मोजणी नीट करत जा.

तुझी आजी
(अक्षर मास्तरांचं, अंगठा माझा)