अकरा एक्क्यांचा पाडाव

तीर्थस्वरूप फुमिएताईस, धाकट्या किनूचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आणि भावोजींचा खोकला, दोघेही थंडीत शहाण्यासारखे वागत असतील अशी आशा करते. मी ठणठणीत आहे. खरं म्हणजे, ताई, मी जिंकले आहे!

आमचे निवृत्त मुख्याध्यापक हिराबायाशी सर तुला आठवत असतील (पत्नी गेल्यापासून देवळात जरा जास्तच दिसतात). त्यांनी जाहीर केलं की एकापुढे एक अकरा एक्के मांडले की होणारा आकडा, ११,११,११,११,१११, ही मूळ संख्या आहे. एक आणि तो स्वतः सोडून कशानंच त्याला भाग जात नाही. दहा हजारांपर्यंत भागून पाहिलं आणि तेवढ्यावर देवदाराची फळी कोरायला टाकली! गणित सुटलं की फळी देवाला वाहायची आपली जुनी रीत, म्हणून शरदोत्सवात ती देवळात लागणार, आमच्या पणतवंडांपर्यंत सगळे तिच्याखाली हात जोडणार. मी नुसतं म्हटलं, "सर, अजून थोडं तपासायला हवं." तर म्हणाले, "बाई, तुमचे सोरोबानचे मणी बाजारहाटाला ठीक. हे गणित आहे." तीस वर्षं मी या गावाला त्याच मण्यांवर हिशेब शिकवला, ताई! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आपल्या बाबांच्या जुन्या वहीत मला एक युक्ती सापडली: या आकड्याला भागणारी मूळ संख्या असलीच, तर ती बाविसाच्या पटीहून एकानं जास्त असणार. मग काय, तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद, अशी एकेकीची मानगूट धरत निघाले. दोनदा मिसो करपलं, वाळत घातलेली पर्सिमॉन कावळ्यांनी नेली (कावळ्यांनाही भाग जातो, बाकी काही उरत नाही). सव्विसाव्या दिवशी २१,६४९ पाशी मणी थांबले. बाकी शून्य! मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

उत्सवात पुजारी फळीवरचं कापड काढणार, इतक्यात मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं भाग जातो. भागाकार पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस." सरांनी कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर गुणाकार मांडला. कान लाल होत गेले. शेवटच्या ओळीत अकराच्या अकरा एक्के शिस्तीत उभे! तोफूवाली हानेदा ओरडली, "आमच्या बाई!" आणि सर माझ्यापुढे कमरेतून वाकले. "फळी तुमची," एवढंच म्हणाले. त्यांनी स्वतःहून सुताराकडून जुन्या अक्षरांवर रंधा मारून घेतला. आता तिथे दोन्ही विभाजक आहेत, खाली माझं नाव.

तुझी विजयी
किनू

ता.क. साकेच्या तिसऱ्या पेल्यानंतर मी भर पंगतीत सांगून बसले, की नव्या वर्षाआधी एकोणीस एक्क्यांचाही आकडा फोडीन. तो काही केल्या फुटत नाही. भावोजींना कॉलेजातल्या प्राध्यापकांना गुपचूप विचारायला सांग. माझं नाव नको.

ता.क. २. राहू दे, विचारू नका. निम्मे भागाकार करायला हिराबायाशी सर रोज दुपारी येतात, येताना भाजलेली रताळी आणतात. ते म्हणतात, हा आकडा खरोखरच मूळ असेल तर आपलं काम जन्मभर संपायचं नाही. मी म्हटलं, चालेल.