माझी पत वापरून घेतलेली तीनचाकी

मी, मोर्शेदा खातून, मरहूम आबुल कासेम यांची मुलगी, राहणार चर भेलामारी, जिल्हा गायबांधा, बांगलादेश, वय चोवीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. अक्षर हलतंय ते मूत्रपिंडांमुळे, कुणाच्या दबावामुळे नाही. डोकं शाबूत आहे, हे घरच्यांना खटकतं.

१. आधी कर्ज फेडायचं, मग वाटे, असा आमचा कायदा आहे. बायकांच्या पतसमितीचे एक लाख ऐंशी हजार टाका कर्ज माझ्या नावावर आहे. त्यातून बॅटरीची तीनचाकी घेतली. ती माझ्या नावावर आहे. चालवतो मोठा भाऊ तोफज्जल, आणि काचेवर नाव त्यानं स्वतःचं रंगवलंय. कर्जदार मेला की समिती कर्ज माफ करते. रंगपूरच्या डॉक्टरांनी आशा सोडली त्याच आठवड्यात भाई जेवताना म्हणाला, "मोर्शेदाच्या नावानं काढू. घरातली एकटीच पदवीधर, पत मोठी. आणि फेडायचं कुणालाच नाही!" मा, आमची आई, त्याला मासा वाढत होती. मला म्हणाली, "शिकवलं तुला. तेवढं तरी कर घरासाठी."

समितीला आजार सांगितलाय, असं भाई म्हणाला होता. सांगितला नव्हता. आजार लपवला तर माफी नाही. जामीन राहिलेल्या चार बायकांकडून वसुली होते. समितीतल्या हासिनाचं कर्ज थकलं तेव्हा तिच्या घराचे पत्रे काढताना शिडी माझ्या मा-नं धरली होती. या वेळी माझ्या जामिनांपैकी जोरिनाखालाची, माझ्या मावशीची, गाय गेली असती. म्हणून मी स्वतः जाऊन मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, "आपा, गप्प राहिला असतात तर मीही विचारलं नसतं." "हेच लिहून द्या," मी म्हणाले. दिलं नाही.

सबब मी मेल्यावर गाडी विकून कर्ज फेडावं. उरेल त्याचा तिसरा हिस्सा हासिनाला, पत्र्यांसाठी.

२. वारसाला मृत्युपत्रानं काही देता येत नाही. त्यामुळे मा-ला काही ठेवत नाही. हा नियम वाचून मला बरं वाटलं.

३. गावपंचायतीच्या चेअरमनसाहेबांनी माझ्या पदवीचं श्रेय घेऊन फलक लावला होता: त्यांचा चेहरा बैलगाडीएवढा, माझा लिंबाएवढा. तो प्लास्टिकचा आहे, टिकेल. जोरिनाखालानं गोठ्याला लावावा, चेहरा गाईच्या मागच्या बाजूला. माझ्या जनाज्यात त्यांनी भाषण करू नये.

४. एम.ए.चे निम्मे क्रेडिट मी मिळवलेत. ते जोरिनाखालाच्या मुलीला देता येतील का, असं विद्यापीठात विचारलं. कारकून हसला. ते माझ्याबरोबर जातील.

५. गरिबाला पत मिळाली तर तो उभा राहतो, असं मी अर्थशास्त्राच्या पेपरात लिहिलं आणि पहिला वर्ग मिळवला. ते वाक्य मागे घेत नाही. पत माझी होती, उभा भाई राहिला.

६. हे सगळ्यांना वाचून दाखवलं. भाई म्हणाला, "मरता मरता माझ्या पोटावर पाय देतेस? मग डायलिसिसला रंगपूरला कोण नेतं ते बघ आता." भाईनं पाणी मागितलं, ते मा-नं दिलं.

म्हणून कलम एक बदलते. गाडी विकायला माझ्या मरणाची वाट पाहू नये. उद्या सकाळी विकावी. चावी मी जोरिनाखालाकडे दिली आहे.

सही: मोर्शेदा खातून, बी.ए. (ऑनर्स)

साक्षीदार:
१. मकबूल मास्तर, प्राथमिक शाळा
२. सोलेमान मुन्शी, मशिदीचे इमाम

ठिकाण: चर भेलामारी
तारीख: १७ ऑगस्ट २०२३